केशरी बॉर्डर उसवू का?

प्रिय ताई,

आमचा सहा जणींचा क्विल्टिंगचा, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवण्याचा गट आहे. दर शनिवारी दुपारी जमतो. मुलं लांब गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा या पाच जणींनी मला सावरलं, हे आधी सांगते. गेल्या वर्षी आम्ही राउंड रॉबिन करायचं ठरवलं. प्रत्येकीने मधला चौकोन करायचा, तो दर महिन्याला पुढच्या हातात द्यायचा आणि जिच्याकडे जाईल तिने त्याच्याभोवती आपली एक बॉर्डर जोडायची. पाच महिन्यांनी जिचा तिच्याकडे परत.

माझा चौकोन म्हणजे निळ्या-पांढऱ्यातला आठ टोकांचा तारा. सगळी हातशिलाई, दोन महिने लागले. परत आला तेव्हा बघते तर चौथ्या मैत्रिणीने (तिला इथे केशरी म्हणते) चार इंच रुंद, भडक केशरी फुलांची बॉर्डर लावलेली. ती धड सपाटही पडत नाही, झालरीसारखी लहरते. तिच्या बाहेर पाचवीने बारीक त्रिकोणांची सुरेख बॉर्डर केली आहे, पण केशरीपुढे ती दिसतच नाही. मी सगळ्यांसमोर "छान झालंय" म्हटलं आणि घरी येऊन रडले. तीन शनिवार गेले नाही.

मी इतरांच्या कामाचा किती मान राखला! पाचही जणींना माझ्या निळ्यातली शांत बॉर्डर दिली. केशरी वाईट नाही हो. मी आजारी होते तेव्हा माझ्या भाचीसाठी काढलेली क्विल्ट तिनेच रात्री जागून पुरी केली. म्हणूनच तोंड उघडवत नाही. ती बॉर्डर गुपचूप उसवून दुसरी लावली तर चालेल का? की गटच सोडू? एवढ्याशा गोष्टीवरून कुढणारी मी कोत्या मनाची आहे का?

– उसवलेली

प्रिय उसवलेली,

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढते. नाही, तुम्ही कोत्या मनाच्या नाही. आठ टोकांचा तारा ज्याने कधी हाताने शिवला नाही, त्यालाच ही एवढीशी गोष्ट वाटेल. त्यातल्या प्रत्येक समभुज तुकड्याच्या दोन कडा सरळ धाग्यावर असतात आणि दोन उरेब, म्हणजे तिरक्या, आणि उरेब कड नुसती हाताळली तरी ताणते. आठही टोकं मध्यावर एका टिंबात यायला हवीत. प्रत्येक शिवण केसभर चुकली तरी मध्यापर्यंत येता येता ती चूक आठपट होते आणि ताऱ्याला पोट सुटतं. असा तारा दोन महिने मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्याच्या भोवती काय लागलं याने फरक पडणारच. रडलात ते ठीकच केलंत. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या दोन शब्दांवर आहे, पण त्याकडे मग येते.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीशी अडखळले. "पाचही जणींना माझ्या निळ्यातली शांत बॉर्डर दिली." पाचही जणींना? त्या पाच चौकोनांत एखादा लाल-पिवळा असेलच. एखादीने मातकट रंग घेतले असतील, एखादीने लहान मुलासाठी पोपटी. त्या सगळ्यांना निळं शोभलं? आणि निळं 'शांत' असतं हे ठरवलं कुणी? जिने आपला लालभडक चौकोन उत्साहाने पुढे पाठवला आणि महिन्याभराने तो निळ्या चौकटीत बसून आलेला पाहिला, तिला कदाचित कुणी तरी आपल्यावर गार पाणी ओतल्यासारखं झालं असेल. तिनेही सगळ्यांसमोर "छान झालंय" म्हटलं असेल. तुम्हीच म्हटलंत, तसंच.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं टोचावं म्हणूनच लिहितेय, पण सुई टोचते तेवढंच. तुम्ही मान राखायला गेलात हे खरं आहे. केशरीही बहुधा तेच करायला गेली. आपला सगळ्यात आवडता रंग समोरच्याला देणं म्हणजे त्याचा मान राखणं, असं तुम्हा दोघींनाही वाटतं. तुमचा आवडता रंग हळू आवाजात बोलतो आणि तिचा मोठ्याने, एवढाच फरक.

आता भाचीची क्विल्ट. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या होतात आणि तिने रात्री जागून ती पुरी केली. मला सांगा, त्यात केशरी होतं का? पैजेवर सांगते, नव्हतं. असतं तर ते या पत्रात आलंच असतं. म्हणजे दुसऱ्याच्या रंगात, दुसऱ्याच्या नक्षीवर, स्वतःचा एक तुकडाही न घुसवता काम करायचं तिला पक्कं ठाऊक आहे. तिथे काम तुमचं होतं, ती नुसते हात द्यायला आली होती. राउंड रॉबिनमध्ये मात्र 'ये आणि तुझं काय ते दाखव' असं आमंत्रण आहे असं तिने धरलं. चुकलं का तिचं? तुमच्या गटात कुणी वेगळं काही ठरवलं होतं, असं तुमच्या पत्रात तरी दिसत नाही.

इथे मला थोडं मागे जायचंय, कारण एकत्र शिवणाऱ्या बायकांनी ही 'माझं किती आणि आपलं किती' ची अडचण फार पूर्वी ओळखलेली होती. अमेरिकेत गावोगाव क्विल्टिंग बी, म्हणजे एकत्र शिवायच्या बैठका भरत, त्यांची साधारण रीत बघा. क्विल्टचा वरचा थर, ज्याला आपण टॉप म्हणतो, तो बाई आपल्या घरी एकटी जोडायची. रंग तिचे, मांडणी तिची, चुकाही तिच्या. मग टॉप, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर मोठ्या चौकटीवर ताणले, की शेजारणी चारी बाजूंनी बसून ते टाक्यांनी एकत्र पक्के करायच्या. एकटीचं डोकं आणि सगळ्यांचे हात. अलाबामातल्या जीज बेंड या छोट्या वस्तीतल्या आफ्रिकन-अमेरिकन बायकांच्या क्विल्ट 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या आणि लोक त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी करू लागले. तिथेही टॉप जिचा तिने जोडायचा आणि क्विल्टिंगला बहुतेक वेळा सगळ्यांनी मिळून बसायचं. त्या क्विल्टमध्ये एवढा धीटपणा आहे याचं एक कारण मला तरी हेच दिसतं, की जोडताना कुणी खांद्यावरून डोकावत नव्हतं.

दुसरी रीत चौकोन वाटून देण्याची. 1840 च्या दशकात अमेरिकेत अल्बम क्विल्टची लाट होती. प्रत्येकीने एक चौकोन करायचा, बहुतेकदा त्यावर सही करायची, आणि कुणी गाव सोडून जाणार असेल तर सगळे जोडून तिला द्यायचे. याहून हलवून टाकणारं उदाहरण चांगीचं. 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेल्यावर चांगी तुरुंगात डांबलेल्या बायकांनी तीन क्विल्ट केल्या, प्रत्येकीत 66 चौकोन. प्रत्येक बाईला सहा इंचाचा एक तुकडा. त्यावर आपलं नाव भरायचं आणि स्वतःबद्दलचं काहीतरी. त्या क्विल्ट इस्पितळासाठी म्हणून बाहेर गेल्या आणि वेगळ्या ठेवलेल्या पुरुषांना आपल्या बायका जिवंत आहेत याची खूण त्यातून मिळू शकली. दोन आज ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत. फुलं, घरं, विनोद, सगळं शेजारी शेजारी आहे आणि कुणी कुणाला दाबत नाही, कारण प्रत्येकीला सहा इंच मिळालेत आणि त्याला चारी बाजूंनी शिवण आहे.

राउंड रॉबिनमध्ये हे कुंपण काढून टाकलेलं असतं. मजाही त्यातच आहे. आपल्याला कधी सुचलं नसतं ते आपल्याच चौकोनाभोवती उगवतं. पण कुंपण नाही म्हटल्यावर बोलणं तरी हवं. तुमच्या गटात रात्र जागून काम करण्याइतका जिव्हाळा आहे. "अगं, हे इथे मला पटत नाही" म्हणण्याइतका मात्र अजून झालेला दिसत नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत त्या. पहिली असली की दुसरी आपोआप येते असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. काम हातात असताना त्याविषयी कुणीच बोलत नाही, मग पुरं झाल्यावर बोलण्यासारखे दोनच शब्द उरतात. तेच ते दोन, ज्यांच्यावर माझा आक्षेप आहे.

गुपचूप उसवण्याविषयी आता.

हे मी एकदा केलेलं आहे, म्हणून सांगते. आमच्या एका सामायिक क्विल्टवर मैत्रिणीने भरलेला एक कोपरा मला ओबडधोबड वाटला. मी तो घरी उसवला आणि त्याच दोऱ्याने, त्याच नक्षीत, 'तिच्यासारखाच पण जरा नीट' असा पुन्हा भरला. पुढच्या बैठकीत तिने सहज त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे टाके तुझे आहेत." बस, एवढंच. भांडण झालं नाही. पण त्यानंतर तिने माझ्या शेजारी बसून सुईत दोरा ओवला नाही, आणि मला बघा, आजही त्या कोपऱ्याकडे पाहवत नाही. जिच्यासोबत दोन वर्षं शिवलंय ती टाके ओळखते. अक्षर ओळखावं तसं. तुमची केशरी बॉर्डर तर चार इंचांची आहे. ती नाहीशी झालेली कुणाला कळणार नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?

शिवाय हिशेब करून बघा. चार इंचांची बॉर्डर काढली की क्विल्ट लांबीला आठ इंच आणि रुंदीला आठ इंच कमी होते. तिच्या बाहेरची पाचवीची बारीक त्रिकोणांची बॉर्डर त्या मापाला बेतलेली आहे. कोपऱ्यात त्रिकोण अर्धवट तुटू नयेत म्हणून तिने किती आकडेमोड केली असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. दुसरी बॉर्डर बरोब्बर चार इंचांची लावलीत तर माप जुळेल, पण त्यासाठीही आधी पाचवीचं काम सोडवावं लागणारच. म्हणजे ज्या बाईचं काम तुम्हाला सुरेख वाटलं, तिच्याच टाक्यांवर पहिली कात्री चालवायची. आणि तीही न विचारता!

लहरण्याचं काय ते वेगळं बघू. माझा अंदाज असा, की तुमचा निम्मा वैताग रंगाचा नसून त्या झालरीचा आहे. हे नेहमीचं दुखणं आहे. लांब पट्टी घेतली, कडेने शिवत नेली आणि शेवटी उरलं ते कापलं, की पट्टी हमखास लांब लागते, कारण कड मध्यापेक्षा ताणलेली असते. माप नेहमी क्विल्टच्या मधोमध घ्यायचं, पट्टी तेवढीच कापायची आणि मग टाचण्या लावून कड तिच्यात बसवायची. पट्टी कापडाच्या आडव्या धाग्यावर कापली असेल तर आणखी ताणते. तुम्ही टेप घ्या. केशरी पट्टीवरून लांबी मोजा, मग मधोमध मोजा. अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक असेल तर कच्चे टाके घालताना तो सारखा पसरवा. त्या भागात दाट क्विल्टिंग केलंत की ते ढिलं कापड खाऊन टाकतं. फरक दीड-दोन इंचांचा असेल तर मात्र शिवण उघडावी लागेल, आणि ती केशरीबरोबर बसून उघडा. फक्त एक पथ्य पाळा. "जरा लहरतेय गं" असं म्हणून रंगाचा राग त्या निमित्ताने काढू नका. दोन गोष्टी आहेत, दोन वाक्यांत सांगा.

रंगाचं म्हणाल तर निळा आणि केशरी रंगचक्रावर समोरासमोर बसतात. एकमेकांशेजारी आले की दोघेही भडकतात. त्यात उष्ण रंग डोळ्यांना पुढे आल्यासारखे वाटतात. म्हणून ती बॉर्डर तुमच्या ताऱ्याच्या छातीवर बसल्यासारखी दिसते. आधी क्विल्टचा फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. केशरी आणि तुमचा निळा साधारण सारख्याच करड्या छटेत आले तर चिंता नको. उजेड-सावलीचा तोल शाबूत आहे, नुसता रंग ओरडतोय आणि त्याला गप्प करण्याचे मार्ग आहेत. केशरी एकदमच फिकी नाहीतर एकदमच गडद पट्टी होऊन उठून दिसली, तर काम जरा जास्त.

मार्ग असा, की सध्या तो रंग एकटा आहे, म्हणून आगंतुक वाटतो. तो आणखी दोन ठिकाणी आला की घरचा होतो. बाहेरच्या बाइंडिंगला, म्हणजे कडा झाकणाऱ्या पट्टीला, त्याच कापडाची बारीक कड द्या, आणि ताऱ्याच्या मध्यावर, जिथे आठ टोकं मिळतात तिथे, त्यातलंच एक लहान फूल कापून वरून बसवा. (हे वाचून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. ठीक आहे, ताऱ्याला हात लावू नका, बाइंडिंग तरी बघा.) आणि केशरीवर क्विल्टिंग कराल ते निळ्या दोऱ्याने करा. दाट धावदोरा घातला की हजारो निळे ठिपके त्या केशरीत मिसळतात आणि चार फुटांवरून रंग उतरल्यासारखा दिसतो. मला हा उपाय सगळ्यात आवडतो. यात कुणाचं काही काढावं लागत नाही, आणि चौकटीभोवती सहाही जणींना बसायला जागा आहे.

पण हे सगळं तिच्याशी बोलल्यावर. गटासमोर नको, शनिवारच्या आधी, आणि मेसेजवर तर मुळीच नको. तिच्याकडे जा, क्विल्ट बरोबर न्या. साधारण असं म्हणा: "त्या दिवशी मी छान झालंय म्हणाले ते खरं नव्हतं. बॉर्डर बघून मला धक्का बसला. तुझ्याशी खोटं बोलले, याचं जास्त वाईट वाटतंय. तू केशरी का घेतलंस ते मला सांग." आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. ती कदाचित म्हणेल, तुझा तारा मला फार थंड वाटला. कदाचित म्हणेल, घरात तेच कापड होतं. कदाचित तिलाही ते आवडलेलं नसेल आणि पाचवीच्या हातात द्यायची तारीख आली म्हणून तिने तसंच दिलं असेल. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, पण ऐकेपर्यंत तुम्ही चौथंच काहीतरी धरून कुढताय. ती दुखावेल का? थोडी दुखावेल. तीन शनिवार तुम्ही का आला नाहीत हा विचार करकरून ती आत्ताही दुखावलेलीच असणार.

निघताना विचारा, "माझी निळी बॉर्डर तुला कशी वाटली होती?" खरं उत्तर आलं तर आकाशाकडे न बघता ऐकून घ्या.

एवढं होऊनही दोन-तीन महिन्यांनी ती बॉर्डर डोळ्यांत खुपत असेल, तर उसवा. क्विल्ट तुमची आहे, तिच्याखाली तुम्हाला झोपायचंय. केशरीला आणि पाचवीला सांगून, जमल्यास त्यांच्यासोबत बसून उसवा. घाईने फाडू नका. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापत जा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, अख्खा निघतो आणि कापडाला धक्का लागत नाही. निघालेली केशरी पट्टी टाकू नका. तिला परत द्या, किंवा तिची हरकत नसेल तर ठेवा. कधी तरी तुम्हीच ती शोधाल.

गट सोडायचा प्रश्न माझ्या मते उरतच नाही. पुढच्या फेरीसाठी मात्र एक सुचवते. प्रत्येक चौकोनासोबत एक पिशवी द्या. तिच्यात मालकिणीने आपल्या कापडांचे थोडे तुकडे ठेवावेत आणि एका चिठ्ठीवर दोन ओळी: काय चालेल, काय नको. त्यापलीकडे नियम करू नका, एवढं ऐका. जीज बेंडच्या जवळच 1966 साली बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांची कामं मिळाली, घरात पैसा आला, आणि त्या काळात तिथे तो लहानसहान विषय नव्हता. पण दुकानाला एकसारखा माल लागतो. जिला मनाला येईल तसं जोडायची सवय, तिला ठरलेल्या नमुन्यावर, ठरलेल्या मापात शिवावं लागलं. तुम्हाला तर दुकानाला माल द्यायचा नाही. मग स्वतःहून ते जोखड कशाला घ्या. पिशवी, दोन ओळींची चिठ्ठी, आणि महिन्यातून एका शनिवारी सगळे चौकोन अर्धवट स्थितीत जमिनीवर पसरून बघायचे. पुरे झाल्यावर नव्हे, अर्धवट असताना. तेव्हा "इथे जरा फिकं घेऊ का?" असं विचारता येतं आणि "नको गं" म्हणताही येतं, कारण अजून काहीच पक्कं शिवलेलं नसतं.

आणि हो, महत्त्वाचं राहिलंच. केशरीकडे जाण्याआधी त्या फुलांच्या कापडाचा रंग जातो का ते तपासा. पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा त्या बॉर्डरवर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. तुकड्यावर केशरी डाग उमटला, तर रंगाच्या आवडीनिवडीचा प्रश्न बाजूला ठेवा, पहिल्याच धुण्यात तुमच्या ताऱ्याचे पांढरे तुकडे केशरी होतील. तसं झालं तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि तसा डाग उमटावा असं मनातल्या मनात वाटलं, तर ते मात्र तिला सांगायची गरज नाही.

– तुमची ताई